फार चांगलं विणलंय, सबब नापास

नोकरीत असताना मी एका माणसाला, त्याचं काम फार चांगलं आहे म्हणून नापास केलं होतं. नजरचुकीनं नव्हे. नीट भिंग लावून, खिडकीच्या उजेडात धरून, पूर्ण विचारांती. शेरा इंग्रजीत लिहिला, खाली सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. त्या वयात मला सहीखाली दोन रेघा ओढायची सवय होती. एका रेघेत माझं महत्त्व मावत नसे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव मागवले तेव्हा फोनवर हळूच सुचवलंही, की त्या काळात स्त्री म्हणून तुम्हाला बराच संघर्ष करावा लागला असेल, त्यावर भर द्या. संघर्ष असा, की कचेरीत बाईसाठी संडास नव्हता. मी शेजारच्या पोस्टमास्तरांच्या घरी जायचे आणि त्या सोयीच्या बदल्यात त्यांच्या बायकोला रोज एक ताजी बातमी पुरवायचे. झाला माझा संघर्ष. बाकीचा सगळा माझ्यामुळं दुसऱ्यांना करावा लागला. त्याबद्दल लिहिते.

नात विचारते, "आजी, तू नेमकं काय काम करायचीस?" मी सांगते, "आंतरराष्ट्रीय व्यापार सांभाळायचे." ती हसते. तिनं मला भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालताना पाहिलंय, त्यामुळं तिचा विश्वास बसत नाही. पण माझं खरं आहे.

त्याचं असं होतं. श्रीमंत देश जगाला मुक्त व्यापाराची व्याख्यानं द्यायचे, आणि गरीब देशाचं कापड बंदरात उतरलं की दार लोटून घ्यायचे. त्यांच्या गिरण्या बसत होत्या, कामगार ओरडत होते. मग मोठमोठ्या टेबलांभोवती बसून करार झाले. अमुक देशानं वर्षाला अमुक इतकंच कापड पाठवायचं, त्यापुढं एक वारही नाही. याला कोटा म्हणत. आपल्या लोकांनी मात्र त्या करारांत एक खिडकी उघडी ठेवून घेतली. कापड हातमागावरचं, परंपरेचं, घरगुती असेल तर त्याला कोटा नाही, हवं तेवढं येऊ द्या. समोरच्यांनी हे मोठ्या मनानं मान्य केलं. हातानं विणून विणून माणूस विणणार तरी किती? ओसरीवर बसू द्यावं, माजघरात येऊ देऊ नये, त्यातला तो उदारपणा.

आता खिडकी उघडी म्हटल्यावर यंत्रमागाचं कापडही तिच्यातून डोकं घालणारच. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यासोबत दाखला लागायचा, की हा माल हातमागाचाच आहे. दाखला कुणी द्यायचा? करारात शब्द होते, 'निर्यातदार देशाचा सक्षम अधिकारी'. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं कुणास ठाऊक. औरंगाबादेत, म्हणजे गावाचं नाव तेव्हा तेच होतं, तो सक्षम अधिकारी म्हणजे मी. गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, बी.एस्सी. दुसरा वर्ग, एक नवरा, एक लेकरू आणि मुंबईत घेतलेलं काही आठवड्यांचं प्रशिक्षण.

प्रशिक्षणात शिकवलं, की हातमागाचं कापड ओळखायचं ते त्याच्या खोटीवरून. काठ थोडा वाकडातिकडा असतो. कापड ताणून धरायला विणकर दातेरी पट्टी लावतो, तिची बारीक भोकं काठाला दिसतात. आडवा धागा कुठं घट्ट बसतो, कुठं सैल. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. मास्तरांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मी ते वहीत उतरवून भोवती लाल चौकट काढली. पुढं नोकरीभर मी त्या वाक्याचं प्रात्यक्षिकच करून दाखवलं म्हणायचं.

वस्तूचं मूळ ठरवायचेही नियम असत. बाहेरून सूत आणून इथं विणलं तर ते कापड आपलं ठरतं, कारण त्यावर इथं पुरेसं काम झालेलं असतं. हा नियम मला फार न्यायाचा वाटायचा. सासरी येऊन मी किती राबले, तरी सासूबाईंच्या दाखल्यावर मी शेवटपर्यंत 'गंगापूरची'च राहिले.

कचेरी शहागंजच्या मागं दोन खोल्यांची. एका खोलीत माल आणि मी, दुसरीत साहेब. साहेब प्रत्येक कागदावर 'चर्चा करावी' असं लिहायचे आणि चर्चेला गेलं की रजेवर असायचे. त्यामुळं हिंदुस्थानचं व्यापारविषयक धोरण या भागापुरतं माझ्याच हाती होतं.

त्या धोरणाचे नमुने सांगते. एक गृहस्थ चादरी घेऊन आले. काठाला भोकं अशी, की बघत राहावं. भिंग लावायचीही गरज नाही. मी खूश होऊन पास केलं. पुढं कळलं, की माल यंत्रमागाचा होता आणि भोकं त्यांच्या घरच्या बायकांनी ओट्यावर बसून दाभणानं पाडली होती. कष्ट हातचेच होते म्हणा.

दुसरं चेनचं. दिल्लीहून खलिता आला, की पारंपरिक पोशाखाला चेन असता कामा नये. चेन दिसली की तो पोशाख आधुनिक, त्याला कोटा लागू. झालं, मी जाकिटांच्या गठ्ठ्यावर तुटून पडले. गुलमंडीवर कांतीशेठ म्हणून व्यापारी होते, कापड बाहेर पाठवायचे. त्यांच्या सगळ्या जाकिटांच्या चेनी मी उसवायला लावल्या आणि जागी नाड्या बसवून घेतल्या. कांतीशेठ गोड बोलण्यात पटाईत. म्हणाले, "बाईसाहेब, एक शंका आहे. आपल्या पूर्वजांना चेन मिळाली असती तर त्यांनी लावली नसती का?"

"त्यांना मिळाली नाही ना?"

"नाही मिळाली."

"मग."

"पटलं," कांतीशेठ म्हणाले. जाकिटं नाड्या लोंबकळत बोटीत बसली, पलीकडं उतरली आणि तिथल्या दुकानदारानं नाड्या कापून चेनी लावल्या. उसवलेल्या चेनी कांतीशेठनी त्यालाच वेगळ्या पार्सलनं पाठवल्या होत्या. चेनीवर कोटा नव्हता.

अशा या मुक्कामावर माझ्यापुढं हबीब चाचांच्या शाली आल्या.

हबीब चाचा जफरगेटच्या गल्लीत हिमरू विणायचे. हिमरू म्हणजे सुताच्या उभ्या धाग्यांवर रेशमाची नक्षी. पुढून मखमलीसारखी दिसते आणि मागून सुट्या धाग्यांनी मऊ लागते. चाचांचं कुणाशी पटत नसे, कारण आपल्याइतकं चांगलं कुणी विणत नाही हे ते समोरच्या विणकराला सांगायचे. माल ते कांतीशेठना द्यायचे. त्या शालींवर कोयऱ्या होत्या. मी काठ बघितला, सरळ. धागे बघितले, सारखे. एक कोयरी दुसरीवर ठेवून बघितली, टिपक्यावर टिपका. माणूस चुकतो, असं वहीत चौकटीत लिहिलेलं. इथं तर कुणीच चुकलेलं नव्हतं. सबब, यंत्र. दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः कचेरीत आले. मागं कांतीशेठ, हात जोडून.

"बाई, इसमें खराबी क्या है?"

"खराबी नाही. तीच अडचण आहे."

"मतलब?"

"मतलब हे मशीनचं आहे."

चाचांनी शाल उलटी केली, सुलटी केली, माझ्याकडं बघितलं, मग कांतीशेठकडं वळले. "सुने क्या, शेठ? मेरेकू मशीन बोलरईं. इत्ते बरस में पैली बार किसीने तारीफ की, वो भी फेल करके."

"चाचा, नियम आहे."

"चलो, घर चलो. अपनी आँख से माग देखो. चाय पियो, बैठो, देखो."

"पार्टीच्या घरी चहा घेणं नियमात बसत नाही."

"तो चाय नक्को पियो. माग तो देखो."

"माल कचेरीत तपासायचा असतो," मी म्हणाले. इतकी वर्षं मी हातमागाचे दाखले देत होते आणि प्रशिक्षणातल्या फोटोपलीकडं हातमाग कधी बघितला नव्हता, हे त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं. मला स्वतःलाही ते तेव्हा खटकलं नाही. चहाचा एक कप आणि देशाची अब्रू यांच्यामध्ये आपण एकटीच उभी आहोत, अशी माझी समजूत होती.

चाचा निघून गेले. कांतीशेठ दारात रेंगाळले. "बाईसाहेब, पास व्हायला काय करावं लागंल?"

"हाताचं दिसलं पाहिजे."

"म्हणजे बिघडवायचं?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"छे, छे. आपण कशाला म्हणाल," म्हणत त्यांनी मान डोलावली. ती मान मी वाचायला हवी होती.

पुढच्या खेपेला चाचांच्या शाली आल्या त्यात डाव्या कोपऱ्यातल्या कोयरीच्या शेंड्याला एक टिपका गळालेला होता. मला इतका आनंद झाला, की मी चाचांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि भिंगाखाली तो टिपका, म्हणजे टिपक्याची रिकामी जागा, त्यांनाच दाखवली. "बघा चाचा. यात माणूस दिसतो. हाताचा जिवंतपणा म्हणतात तो हा."

चाचा छताकडं बघत होते. "हौ बाई," ते म्हणाले, "सब ऊपर से होता."

देवाधर्माचा माणूस, म्हणून मीही भक्तिभावानं मान हलवली. खालच्या शाली उलगडून बघायच्या राहूनच गेल्या. पास. दोन रेघा.

त्याच सुमारास माझ्या हातून आंतरराष्ट्रीय करार घडला. लोकांना वाटतं, असे करार फार विचारांती होतात. होतही असतील. मला जेवढं ठाऊक आहे त्यात एका बाजूला थकलेला माणूस असतो, दुसऱ्या बाजूला विमान गाठायची घाई असलेला, आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी कुठूनतरी पाठवलेला परिच्छेद. युरोपातल्या एका देशाशी नव्या कराराची बोलणी चालू होती. हातमाग कसा ओळखावा याच्या खुणा परिशिष्टात घालायच्या होत्या, म्हणून दिल्लीनं सगळ्या कचेऱ्यांकडून मजकूर मागवला. साहेबांनी लिहिलं, 'चर्चा करावी', आणि रजेवर गेले. मी दार लावून, शब्दकोश मांडीवर घेऊन लिहायला बसले. बरंच लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं, की हातमागाच्या कापडातल्या त्रुटी कधीही एकसारख्या नसतात. एकसारखी त्रुटी हे यंत्राचं लक्षण समजावं.

बाकीच्या कचेऱ्यांनी बहुतेक काही पाठवलंच नसावं. करार छापून आला तेव्हा परिशिष्टात माझं वाक्य स्वल्पविरामासकट होतं. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. घरी नेऊन सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पगार वाढला का?"

काही महिन्यांनी तार आली. हबीब चाचांच्या शालींचा अख्खा गठ्ठा त्याच देशाच्या बंदरात अडकवून ठेवला होता. कारण काय, तर गठ्ठ्यातल्या प्रत्येक शालीत एकच खोट, एकाच जागी, एकाच मापाची. परिशिष्टातल्या अमुक कलमानुसार हे यंत्राचं लक्षण होय. खाली ते कलम उतरवून काढलेलं. आपलं इंग्रजी ओळखायला वेळ लागत नाही. एका ओळीत इतकी विशेषणं दुसरं कोण घालतं.

तारेत आणखी होतं, की चौकशीला त्यांचा अधिकारी येत आहे. लबाडी आढळली तर हिमरूचं नाव सवलतीच्या यादीतून काढण्यात येईल.

मी कांतीशेठना बोलावलं. त्यांनी तार वाचली, घडी घातली आणि पहिल्यांदाच गोड बोलले नाहीत. "बाईसाहेब, यादीतून नाव गेलं तर मी सतरंज्या विकीन, मला मरण नाय. गल्लीत जे चार-दोन माग उरलेत त्यांचं बघा. चाचाच्या जावयानं चिकलठाण्याच्या कारखान्यात त्याच्यासाठी रखवालदाराची जागा बघून ठेवलीय. माल परत आला की माग मोडून सरपणाला. चाचा तसं बोललाय."

"पण टिपका सगळीकडं सारखाच कसा गळाला?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त निरोप दिला होता, की बाईंना खोट लागते."

"मी तसं म्हटलं नव्हतं, शेठ."

"नाय, नाय," कांतीशेठ म्हणाले. "आपण कशाला म्हणाल."

अधिकारी आला. उंच, उन्हानं लाल झालेला, डोक्यावर कापडी टोपी. आधी अजिंठा बघून आला होता. फर्दापूरला त्याला कुणीतरी चकाकते दगड विकले होते. ते खिशातून काढून त्यानं मला विचारलं, की हे अस्सल आहेत ना? दगडांचा दाखला माझ्या अखत्यारीत येत नाही, असं मी सांगितलं. त्याच्यासोबत दिल्लीचे एक अधिकारी होते, पण आदल्या दिवशी नान-खलिया जरा जास्त झाल्यामुळं ते हॉटेलातच आडवे होते. आमचे साहेब रजेवर. दुभाषी म्हणून, सक्षम अधिकारी म्हणून आणि परिशिष्टाची लेखिका म्हणून, जफरगेटच्या गल्लीत शिरलो तेव्हा मी एकटीच होते.

चाचांच्या घरात मी पहिल्यांदा माग बघितला. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून चाचा. समोर उभ्या धाग्यांचा पसारा, आणि डोक्याच्या वर आडव्या फळीवर त्यांची बायको जैतूनबी, हातात दोऱ्यांचे झुबके धरून बसलेली. नक्षी तिथून व्हायची. ती वरून ठरावीक दोऱ्या ओढायची, त्यानं ठरावीक धागे उचलले जायचे, आणि खाली चाचा त्यातून धोट्यानं रेशीम सोडायचे. एक दोरी ओढली नाही, की एक टिपका गळतो.

सब ऊपर से होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण फार उशिरा, आणि परदेशी साहेबासमोर.

चहा आला. साहेबानं घेतला. "मी ड्युटीवर घेत नाही," मी म्हणाले. जैतूनबीनं वरून माझ्याकडं बघितलं.

साहेबानं पिशवीतून परिशिष्ट काढलं, चष्मा लावला आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं. मी त्याचं भाषांतर केलं. माझ्या आयुष्यात इतकं जड वाक्य मी कधी उचललेलं नाही.

चाचांनी शांतपणे ऐकलं. "ये कौन लिख्या, बाई?"

"करारात आहे."

"वो तो है. लिख्या कौन?"

"दिल्लीनं," मी म्हणाले.

साहेबानं विचारलं, की मग प्रत्येक शालीत खोट एकाच जागी कशी? चाचांनी हात पुसले, आणि खड्ड्यातून मान वर करून माझ्याकडं बघितलं. "सच्ची बात बोल देऊं, बाई?"

हो म्हणावं, तर सरकारी अधिकाऱ्यानं चांगलं कापड नापास करून बिघडवायला लावलं, हे मला माझ्याच तोंडानं इंग्रजीत सांगावं लागणार. नको म्हणावं, तर चाचांचा माग सरपणाला.

"ते नाय सांगायचे," वरून आवाज आला. जैतूनबी फर्दापूरकडची, तिची मराठी तिकडचीच. "मी सांगते. साहेबाला म्हणावं, त्या कोपऱ्यातल्या कोयरीचा शेंडा आला की आमचं भांडण होतं."

मी भाषांतर केलं. साहेबानं टोपी काढली. "नेहमी त्याच जागी?"

"व्हय. शेंडा तिथंच येतो ना."

"कशावरून होतं?"

जैतूनबीनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला सगळं सांगता आलं असतं. "दोरीवरून," ती म्हणाली. "हे म्हणतात ओढ, मी म्हणते नाय ओढत. मग हे माझं माहेर काढतात."

"निकालता नहीं तो क्या करूं," चाचा खालून उसळले. "अच्छे-भले काम की वाट लगाती. फर्दापूर की अकल."

"बघा," जैतूनबी म्हणाली.

साहेब म्हणाला, मला प्रत्यक्ष बघायचंय. दोघं कामाला लागली. खाली धोटा पळायला लागला, वर दोऱ्या हलायला लागल्या. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती, पण त्याचा हात थांबायचा तिथं तिचा सुरू व्हायचा. आम्ही बराच वेळ उभे होतो. कोयरीचं पोट झालं, मान वळली, शेंडा आला. चाचांचा हात थांबला.

"खींच."

"नाय."

"खींच बोला ना."

"नाय ओढत."

"सरकार आया है घर में, अब तो खींच."

"सरकार आलंय म्हणूनच नाय ओढत."

हे शेवटचं मी भाषांतरात गाळलं. एवढीच माझ्या हातून त्या दिवशी झालेली लबाडी. त्या दोघांनी तर एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. भांडण खरं होतं, जागा खरी होती, आणि ती दोरी माझ्यासाठी सुटत होती एवढंच कुणी बोललं नाही.

साहेब हसला नाही. त्यानं समासात काहीतरी लिहिलं, चष्मा काढला, आणि मला म्हणाला, यांना एक शेवटचं विचारा, दर वेळी बाईच जिंकतात का?

मी विचारलं. जैतूनबी दोऱ्या गुंडाळत म्हणाली, "शाली मोजा म्हणावं."

साहेबानं दुसरा कप चहा मागून घेतला. गठ्ठा सुटला. हिमरूचं नाव यादीत राहिलं. पुढच्या वर्षी करार नव्यानं छापून आला तेव्हा माझ्या वाक्यात 'कधीही' हा शब्द काढून 'सहसा' घातलेला होता. हातमागाच्या त्रुटी सहसा एकसारख्या नसतात. तो 'सहसा' दोन देशांच्या सहीशिक्क्यानिशी मंजूर झालेला आहे, आणि तो फळीवर बसलेल्या एका बाईचा आहे, हे त्या दोन्ही देशांना ठाऊक नाही.

पुढं कोटाच उठला. जगातल्या मोठ्या लोकांना साक्षात्कार झाला, की कापडाचा व्यापारही मुक्त असावा. चांगलंच झालं. भिंत पडली, मग खिडकी कशाला हवी? खिडकी नको, तर खिडकीपाशी बसवलेली बाई कशाला हवी? मला दुसऱ्या विभागात टाकलं, आणि तिथून मी रीतसर निवृत्त झाले. हातानं विणलंय का, हे आता कुणी विचारत नाही, त्यामुळं हातानं विणायचंही कारण उरलं नाही. पाहुण्यांना घेऊन हिमरू घ्यायला जावं लागतं तेव्हा मी भिंग घरी ठेवते. शालीवरच्या कोयऱ्या टिपक्यावर टिपका असतात. या खेपेला त्या खरोखरच यंत्राच्या असतात, आणि नापास करायला मी जागेवर नसते. चांगलं कापड नापास करायचं होतं तेव्हा होते.

पण चाचांचा माग त्यांच्या हयातीत मोडला नाही. रखवालदाराची जागा जावयालाच घ्यावी लागली.

आणि त्या दिवशीचं थोडं सांगायचं राहिलं. साहेबाची मोटार गल्लीतून गेली, मी मात्र उंबऱ्यातच घुटमळले. शेवटी म्हणाले, "चाचा, ते वाक्य दिल्लीनं नाही लिहिलं. मी लिहिलं होतं."

"मालूम है," चाचा म्हणाले. "दिल्लीवाले इत्ती मेहनत कायकू करते?"

"आणि पहिल्या शालींवर मशीनचा शेरा मारला, तोही..."

"वो तो सही था, बाई. मैं हूँच मशीन. मशीन ऊपर से बिगड़ी थी." मग सुताच्या गुंड्याशी चाळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "अब क्या करूं? टिपका छोडूं के डालूं?"

"घाला," मी म्हणाले. "सगळे घाला. मी पास करीन."

चाचांनी वर मान केली. "सुनी क्या?"

वर फळी रिकामी होती. जैतूनबी केव्हाच फळीवरून उतरून चुलीकडं गेली होती. ती कप-बशी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. माझ्या तोंडी ड्युटीचं वाक्य आलं होतं, पण मी मुकाट्यानं हात पुढं केला. पहिल्या घोटाला माझं तोंड जरा वाकडं झालं असावं. ती म्हणाली, "घ्या बाई, साखर कमी पडलीय. तेवढ्यावर तरी हातचा हाय म्हणून पास करा."